फूल जवळचं, निरोप लांबचा

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं आहे. वाचक मैत्रिणींसाठी थोडं नीट लावून छापलं आहे.)

मी सटाण्याहून बोलते आहे. आमच्या बचत गटातल्या आम्ही पाच जणी हार, गजरे आणि गुच्छ करतो. बाहेरगावी राहणाऱ्या लेकरांना आपल्या गावातल्या माणसाला ताजी फुलं पाठवायची असतील, तर ती कशी पाठवावीत आणि त्यात आपल्या गटांना काय करता येईल, याबद्दल आज बोलू या.

आधी एक हकिगत सांगते. आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांची लेक पुण्यात नोकरीला आहे. मावशींचा वाढदिवस १ जूनला असतो. आता तुम्ही हसाल, कारण आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच आधारकार्डावर आली. पण लेकीनं ती तारीख खरी मानली आणि मोबाइलवरच्या एका कंपनीकडून आईला वीस लाल गुलाब पाठवले. पैसे आधीच भरले. कंपनीनं सांगितलं होतं, सकाळी दहापर्यंत पोचतील.

दहा वाजता मावशी मळ्यात होत्या. फुलं आणणाऱ्या पोराला पत्ता सापडेना. ‘मंदिराच्या मागे’ एवढंच लिहिलेलं होतं आणि फोन लागत नव्हता. दुपारभर तो गुच्छ मोटारसायकलच्या डिकीवर बांधलेला होता. जूनच्या पहिल्या दिवशीचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी फुलं हातात आली तेव्हा वीसातल्या बहुतेक गुलाबांनी मान टाकली होती.

मावशींनी ती तांब्यात घालून देवापुढे ठेवली. रात्री लेकीचा फोन आला. मावशी म्हणाल्या, “फार छान होती गं. सगळी आळी बघायला आली होती.” मी तिथेच बसले होते. फोन ठेवल्यावर मावशी मला म्हणाल्या, “तिला काय सांगू? हौसेनं पाठवली तिनं.”

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी या गोष्टीच्या मागे लागले. पैसे गेले त्याचं तर वाईट वाटलंच, पण आईला लेकीशी खोटं बोलावं लागलं हे जास्त लागलं. आणि लेकीला खरं कळलं नाही, म्हणून पुढच्या वर्षीही तिनं तसंच केलं असतं.

निरोप कसा जातो, फूल कसं येतं

पुण्यात, मुंबईत किंवा दुबईत बसून फुलांची ऑर्डर दिली, की तिथून फूल निघतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. निघतो तो निरोप. फूल कुठून तरी जवळून घ्यावं लागतं.

ही रीत काही आजची नाही. अमेरिकेत १९१० साली पंधरा फूलवाल्यांनी मिळून एक संघ केला. ठरलं असं, की एका गावच्या दुकानात गिऱ्हाइकानं पैसे भरायचे, दुकानदारानं दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार करायची, आणि त्यानं आपल्याकडची ताजी फुलं घरी पोचवायची. म्हणजे तारेवरून ऑर्डर गेली, फूल गेलं नाही. आपल्याकडे तार आली की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. तिकडे त्याच तारेनं फुलं पोचत होती. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेची जागा मोबाइलनं घेतली, पण फुलांची रीत तीच राहिली.

आता आपल्या सटाण्याचं बघा. मोबाइलवरच्या कंपनीला ऑर्डर मिळते. तिचं स्वतःचं दुकान आपल्या गावात बहुधा नसतंच. ती नाशिक किंवा मालेगावच्या एखाद्या फूलवाल्याला कळवते. तो एकतर तिथूनच गुच्छ गाडीवर चढवतो, नाहीतर इथल्या कुणाला तरी सांगतो. नाशिक ते सटाणा सुमारे ९० किलोमीटर. आपल्याकडे रेल्वे नाही, जवळचं मोठं स्टेशन मनमाड. म्हणजे जे काही यायचं ते रस्त्यानं. गाडी बदलताना, स्टँडवर वाट बघताना, पत्ता शोधताना फूल उन्हात राहतं. जितके हात बदलतात तितकं फूल थकतं, आणि प्रत्येक हात त्यातून आपले पैसे ठेवून घेतो.

तुम्ही म्हणाल, मग मावळातला गुलाब सातासमुद्रापार कसा जातो? पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडेच्या बाजूला पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, हे खरं आहे. पण ते गुलाब कळी घट्ट असतानाच काढतात, लगेच पाण्यात ठेवतात, थंड खोलीत नेतात, आणि तिथून विमानापर्यंत गारव्यातच ठेवतात. हा गारवा कुठे तुटत नाही. आपल्याकडे नाशिकहून येणाऱ्या गुच्छाला तो मिळत नाही. म्हणून तो गुलाब हजारो किलोमीटर जाऊन टवटवीत राहतो आणि आपला ९० किलोमीटरमध्ये मान टाकतो.

तर आजच्या बोलण्याचं सार इथेच सांगून ठेवते. निरोप कितीही लांबून येऊ दे, फूल जवळचंच घ्यावं.

तोडलेलं फूल जिवंत असतं

फूल तोडलं म्हणजे मेलं, असं नाही. तोडल्यावरही ते श्वास घेतं, त्याच्यातली साखर वापरतं, आणि पाकळ्यांतून, पानांतून पाणी सोडतं. झाडावर असताना मुळं पाणी देत होती. आता देठ जेवढं पिईल तेवढंच. पाणी जाण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा वाढला, की फूल कोमेजतं.

उष्णता वाढली की हा सगळा कारभार जोरात चालतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर फुलाचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. सावलीत ठेवलेलं फूल आणि डिकीवर उन्हात तापलेलं फूल यांत म्हणूनच एवढा फरक पडतो.

गुलाब मान का टाकतो तेही सांगते. देठात बारीक नळ्या असतात. देठ कोरडं राहिलं तर त्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. बादलीतलं पाणी घाण असलं तर त्यातले जंतू नळ्या बुजवतात. वर कळीला पाणी मिळत नाही आणि तिच्याखालचं कोवळं देठ वाकतं. वेळीच लक्षात आलं तर गुलाब वाचतो. देठाचा खालचा दोन बोटं भाग पाण्यात बुडवून तिरपा कापायचा, फुलं वर्तमानपत्रात सरळ गुंडाळायची आणि खोल पाण्यात तास-दोन तास सावलीत उभी करायची. पुष्कळ गुलाब मान वर करतात. मावशींच्या घरी त्या संध्याकाळी हे मला माहीत असतं तर निम्मे तरी वाचले असते.

अजून एक शत्रू आहे, तो दिसत नाही. केळी, आंबा, पपई, पेरू, टोमॅटो ही फळं पिकताना एक वायू सोडतात. इथिलीन त्याचं नाव. त्यानं फळ पिकतं, पण फूल लवकर म्हातारं होतं, पाकळ्या गळतात. म्हणून पिकत्या केळीच्या घडाशेजारी किंवा आंब्याच्या पेटीवर फुलं ठेवायची नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर पिकलेली फळं आधी बाहेर काढायची.

कोणतं फूल कधी तोडावं

हे आपल्या आई-आजीला माहीत होतं. आम्ही मात्र नुकसान करून शिकलो.

झेंडू आणि शेवंती पूर्ण उमलल्यावर तोडायची, सकाळी दव सुकल्यावर किंवा ऊन उतरल्यावर. झेंडू दणकट आहे. गारवा नसला तरी चालतं, पण गोणीत गच्च दाबून भरला तर आतून तापतो आणि काळा पडतो.

गुलाब कळीच्या अवस्थेत घ्यायचा, बाहेरच्या एक-दोन पाकळ्या नुकत्या सैल झालेल्या असताना. पूर्ण उमललेला गुलाब दिसायला छान, पण तो घरी पोचेपर्यंत उतरतो.

निशिगंधाच्या काडीवर खालची दोन-तीन फुलं उमलली की काडी कापायची. वरच्या कळ्या घरात रोज थोड्या थोड्या उमलतात. म्हातारं माणूस घरात एकटं असेल तर निशिगंधासारखं फूल नाही. चार-पाच दिवस घर दरवळतं.

मोगऱ्याच्या टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या पण न उमललेल्या कळ्या सकाळी लवकर खुडायच्या. दुपारपर्यंत गजरा ओवायचा. संध्याकाळी तो माणसाच्या हातात उमलतो.

जरबेऱ्याचं देठ पोकळ आणि मऊ. त्याला तीन-चार बोटंच पाणी द्यायचं. जास्त पाण्यात ते कुजतं.

आणि कण्हेर. दारात सगळ्यांच्या असते, देवाला वाहतात. पण तिचं सगळं झाड विषारी आहे, पान-फूल-देठ सगळं. लहान मूल तोंडात घालेल, म्हणून घरी द्यायच्या गुच्छात कण्हेर घालायची नाही. तसंच बाजारातल्या गुलाबावर औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करायचा नाही, हे घेणाऱ्याला सांगायला विसरू नका.

आता आमची चूक सांगते. पहिल्याच महिन्यात मोगऱ्याचे दहा गजरे आम्ही पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि तोंड गच्च बांधलं. वाटलं, ओले राहतील. दोन तासांनी पिशवीला आतून घाम सुटला होता आणि कळ्या तपकिरी पडल्या होत्या. फुलाला ओलावा लागतो तसा वाराही लागतो. आता आम्ही केळीच्या पानात गजरा गुंडाळतो आणि वरून ओलं करून पिळलेलं सुती फडकं घालतो. केळीचं पान फुकट मिळतं आणि थर्मोकोलच्या डब्यापेक्षा दिसायलाही चांगलं.

सटाण्यात काय मिळतं, कधी मिळतं

बागलाण म्हटलं की द्राक्ष, डाळिंब आणि कांदा. फुलाचं नाव शेवटी येतं. पण आपल्या जिल्ह्याचं फुलांशी नातं जुनं आहे. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलांचं गाव. आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडीच्या बाजूला गुलाबाची शेती आहे. आपल्या आसपास शेतकरी बांधाला, द्राक्षबागेच्या कडेला, टोमॅटोच्या ओळींमधून झेंडू लावतात. दसरा-दिवाळीला तो विकतात आणि उरलेल्या वर्षात त्याच्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून आम्ही आधी यादी केली. कोणत्या महिन्यात दहा-पंधरा किलोमीटरच्या आत कोणतं फूल मिळतं? उन्हाळ्यात मोगरा. पावसाळ्यात निशिगंध आणि अ‍ॅस्टर. दसऱ्याला झेंडू. थंडीत शेवंती आणि चांगला गुलाब. मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हा सगळी फुलं महाग असतात, कारण हारांना मागणी असते. फेब्रुवारीत १४ तारखेच्या आधी गुलाब चढतो. तेव्हा आम्ही लेकरांना सरळ सांगतो, “गुलाब नको, शेवंती घ्या. पैसे तेच, फुलं दुप्पट.”

लाल गुलाब म्हणजेच प्रेम, हे आपल्याला कुणी सांगितलं? आपल्या आजीच्या ट्रंकेत सुकलेला बकुळीचा सर सापडतो. जे फूल त्या दिवशी जवळ ताजं आहे ते खरं.

पैसे कुठे जातात

हा हिशेब आम्ही गटात फळ्यावर मांडला. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.

समजा, लेकीनं मोबाइलवर ९०० रुपये भरले. त्यातले ३०० कंपनीनं ठेवले. शहरातल्या मधल्या माणसानं १५० ठेवले. शेवटच्या दुकानदाराला उरले ४५०. त्यातच त्यानं फुलं घ्यायची, बांधायची आणि पोचवायची. मग तो काल उरलेली फुलं घालणार नाही तर काय करणार? त्याचाही सगळा दोष नाही.

आता समजा, तीच लेक सरळ गावातल्या गटाला ६०० रुपये पाठवते. फुलं आणि पाला २३०, कागद, रिबीन, दोरा ४०, पोचवायचं पेट्रोल ६०, खराब निघणाऱ्या फुलांसाठी ६०, दोघींची मजुरी १५०, गटाच्या खात्यात ६०. झाले ६००. लेकीचे ३०० वाचले, फुलांवर जास्त पैसे लागले, शेतकऱ्याला रोख मिळाले आणि मजुरी गावातल्या बाईच्या हातात पडली.

यातला खराब फुलांचा खर्च पुष्कळ जणी धरत नाहीत आणि मग महिन्याअखेरीस तोटा का आला ते कळत नाही. फुलाच्या धंद्यात थोडी नासाडी होणारच. ती किमतीत आधीच धरा.

गटानं सुरुवात कशी करावी

पहिली गोष्ट, लहान सुरुवात करा. दिवसाला दोनच ऑर्डर घ्या. तिसरीला नाही म्हणायला शिका. सणाच्या दिवशी दहा घेऊन आठ बिघडवण्यापेक्षा दोन नीट पोचवलेल्या बऱ्या.

दुसरी, एक वही करा. ऑर्डर देणाऱ्याचं नाव आणि फोन, फुलं कुणाला, कोणत्या दिवशी, कशासाठी, किती रुपयांची, सोबत काय निरोप. आणि पत्ता पूर्ण. आपल्याकडे घर नंबरानं सापडत नाही. म्हणून विचारा: घरी असतात की मळ्यात? किती वाजता हमखास भेटतात? शेजारच्या एका घराचा फोन द्या. ताहाराबाद, नामपूर, मुल्हेर अशा गावी पाठवायचं असेल तर तिथल्या एखाद्या गटाशी आधी बोलून ठेवा. तिथली ऑर्डर तिथल्या बायांनी करावी, इथली आपण. त्या अमेरिकेतल्या पंधरा फूलवाल्यांनी दुसरं काय केलं होतं?

तिसरी, त्याच दिवशीच्या गुच्छाचा फोटो, निघण्याआधी, ऑर्डर देणाऱ्याला पाठवा. आणि दिल्यावर, त्या माणसानं होकार दिला तरच, त्याच्या हातातला फोटो. न विचारता कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि गावाच्या ग्रुपवर तर टाकायचाच नाही.

चौथी, फुलं बदलावी लागली तर आधी फोन करून विचारा. “निशिगंध मिळाला नाही, अ‍ॅस्टर चालेल का?” एवढं एक वाक्य पुष्कळ भांडणं वाचवतं.

पाचवी, गुच्छाबरोबर चार ओळींची चिठ्ठी द्या. देठ तिरपं कापा, पाण्याखाली येणारी पानं काढा, पाणी रोज बदला, उन्हात आणि पंख्याखाली ठेवू नका. एक लिटर पाण्यात चमचाभर साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घातला तरी चालतो. साखर फुलाला खाऊ आहे, पण ती जंतूंचाही खाऊ आहे. म्हणून साखर घातली तर पाणी रोज बदललंच पाहिजे.

सहावी, शेतकऱ्याशी ठरवून घ्या. आठवड्याला किती फुलं लागतील ते आधी सांगा आणि पैसे रोख द्या. बाजारभाव पडला तरी ठरलेला भाव मोडू नका, म्हणजे भाव चढल्यावर तोही मोडणार नाही.

दवाखान्यात द्यायची असतील तर आधी विचारा. अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी फुलं नेऊ देत नाहीत. दुःखाच्या घरी द्यायची असतील तर चकचकीत कागद आणि रिबीन नको. पांढरी फुलं केळीच्या पानात द्या, आणि पाठवणाऱ्याचं नाव हळूच सांगून या.

मोबाइलवरून मागवायचीच असतील तर

प्रत्येक गावात गट नाही, हे मलाही कळतं. लेकरं मोबाइलवरून मागवणारच. तेव्हा त्यांना हे विचारायला सांगा: फूल कोणत्या गावातून निघणार? घरी कोण पोचवणार आणि किती वाजता? निघण्याआधी फोटो मिळेल का? खराब पोचलं तर पैसे परत मिळतील का? याची उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर पैसे भरू नका.

फुलं खराब आली तर गप्प बसू नका. पोचल्याबरोबर फोटो काढा, वेळ दिसेल असा. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आले आहेत. त्यांनुसार कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायला हवा. त्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढायची. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि पैसे घेऊन साइटच गायब झाली, तर ती फसवणूक. तेव्हा लगेच १९३० वर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लेकीला खरं सांगा. “फुलं सुकलेली आली” असं सांगितल्यानं लेकीचं प्रेम कमी होत नाही. उलट तिचे कष्टाचे पैसे वाचतात.

फूल कुणासाठी

शेवटी एक गोष्ट बोलायची आहे. आपल्याकडे फुलं देवाला जातात, नवरदेवाला जातात, पुढाऱ्याच्या सत्काराला जातात, आणि माणूस गेल्यावर त्याच्यावर जातात. घरात जिवंत असलेल्या बाईला फूल कोण देतं? तिनंच ओवलेले हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

आणि तिचा नवरा गेलेला असेल तर विचारूच नका. ज्या मावशींची गोष्ट मी सांगितली त्यांचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून त्यांच्या केसात फूल नाही. कुणी काढून घेतलं नाही, कुणी बोललंही नाही. त्यांनीच सोडलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. पण फुलाचं काय? ते कुणी तरी हातात द्यावं लागतं.

पुढच्या वर्षी १ जूनला मावशींच्या लेकीनं आम्हाला फोन केला. मीच तिला सगळं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, “काकू, गुलाब नको. आईला पूर्वी मोगरा फार आवडायचा. गजरा द्याल का? पण ती घालणार नाही. चालेल का?” मी म्हटलं, “घालायचा की नाही ते तिचं ती बघेल. आपण द्यायचं काम करू.”

कळ्या सकाळी सहाला गावाबाहेरच्या मळ्यातून आणल्या. दुपारी गजरा ओवला. साडेपाचला, मावशी मळ्यातून आल्यावर, केळीच्या पानात नेऊन दिला. “लेकीनं पाठवलाय,” एवढंच सांगितलं. त्यांनी पान उघडलं, वास घेतला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, “तुला घाल.” सून म्हणाली, “नाही आई, त्यावर तुमचं नाव आहे.”

रात्री फोन आला तेव्हा मी नव्हते. लेकीनं नंतर मला सांगितलं, की आई या वेळेस ‘छान होती’ असं म्हणाली नाही. ती म्हणाली, “उशाशी ठेवलाय. आत्ता उमलतोय.”

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात या आठवड्यात एवढं एक करा. वहीच्या एका पानावर आपल्या गावात जवळ कोणती फुलं कधी मिळतात ते लिहा. दुसऱ्या पानावर गावातल्या कोणत्या आईबापांची लेकरं बाहेरगावी आहेत ते लिहा. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. काम तिथूनच सुरू होतं.

भेटू या पुन्हा. नमस्कार.